नंबर पॅडवर टॅब नसतो

कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा जो चौकोन असतो त्यावर शून्य ते नऊ आहेत, दशांशाचा टिंब आहे, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार आहेत आणि कडेला उभी, दोन कळांएवढी लांब एंटर आहे. टॅब नाही. टॅब पार डाव्या टोकाला, क्यूच्या शेजारी. विंडोज आलं तेव्हा फॉर्मांचा कायदाच होऊन बसला: पुढच्या रकान्यात जायचं तर टॅब दाबायचा, आणि एंटर दाबला की अख्खा फॉर्म गेला. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून खुर्चीत बसणाऱ्याला हे खपून जातं. दूध डेअरीतल्या ऑपरेटरला खपत नाही, कारण त्याचा डावा हात कीबोर्डवर नसतोच. तो सॅम्पलच्या बाटलीवर असतो, फॅट मशीनच्या नळीखाली असतो, नाहीतर कुणाच्या तरी किटलीच्या कडीत अडकलेला असतो. कीबोर्डच्या वाट्याला येतो फक्त उजवा हात, आणि तोही ओला.

माझं सगळं काम त्या एका उजव्या हाताभोवती चालतं. मी दूध संकलनाची सॉफ्टवेअर करतो, बेलापुरात बसून. बेलापूर म्हटलं की लोकांना नवी मुंबई आठवते, आणि पिनकोड न बघणाऱ्या कुरिअरवाल्यांनी माझी पार्सलं तिकडे फिरवून आणलेली आहेत. आमचं बेलापूर प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात. दौंड-मनमाड मार्गावर बेलापूर नावाचं स्टेशन आहे खरं, पण ते श्रीरामपूर शहरात. गाव तिथून पाच-सहा किलोमीटर. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने, आणि पुढे उसाच्या वाढ्यांवर आणि घासावर संकरित गाई. उसाचे पैसे वर्षाने मिळतात. दुधाचं पेमेंट दर दहा दिवसांनी होतं. किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सगळं त्या दहा दिवसांच्या पेमेंटवर चालतं. त्यामुळे डेअरीत आकडा कसा पडतो ही आमच्याकडे तांत्रिक गोष्ट राहत नाही. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागावर, बोलला जातो. त्याच्या खाली पॉइंटपॉइंटाला कपात. ३.९ च्या जागी ३.४ पडलं तर दहा दिवसांनी ते कुणाच्या तरी घरात जाणवतं.

मी ह्या धंद्यात आलो तेव्हा आसपासच्या डेअऱ्यांत डॉसवरचा, फॉक्सप्रोत लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. काळा पडदा, वर संस्थेचं नाव, खाली चार रकाने. लिहिणारा कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो गावोगाव गेला होता. मला सांगितलं गेलं, हे विंडोजवर आणा, रंगीत करा. मी महिनाभर नुसता बघत बसलो की लोक हा वापरतात कसा. फॉक्सप्रोत एक सोय भाषेतच होती. रकाना आकड्यांनी भरला की कर्सर आपोआप पुढच्यात जायचा आणि टिंग असा आवाज व्हायचा. रकाना भरला नसेल तर एंटर. म्हणजे टॅब नावाची वस्तू त्या जगात कुणाला लागलीच नव्हती. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं, तोवर एका पिढीच्या बोटांना ही सवय लागून गेलेली होती. पढेगावच्या बाजूच्या एका डेअरीतले जुने ऑपरेटर, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, त्यांनी माझ्याकडे मागणी केली ती एवढीच: "रंग कोणताबी द्या, भाऊ. एंटर माझा राहू द्या."

एंटर राहिला. आज विंडोजवर माझ्या पडद्यावर एंटर म्हणजे पुढचा रकाना, आणि शेवटच्या रकान्यात एंटर म्हणजे नोंद झाली, पावती सुटली. टॅबही चालतो, पण त्याला कुणी शिवत नाही.

आता एक नोंद जवळून बघा. माणूस किटली घेऊन काट्यापाशी येतो आणि खाते नंबर सांगतो, "एकशे बेचाळीस." ऑपरेटर १४२ मारून एंटर करतो. दूध काट्यावरच्या भांड्यात ओततात, काट्यावर ८.६ लिटर दिसतं. ८, टिंब, ६, एंटर. सॅम्पल मशीनला लागतं, फॅट ३.९ येते. ३, ९, एंटर. लॅक्टोमीटरची डिग्री साडेअठ्ठावीस. २, ८, ५, एंटर. पंधरा कळा. इथे फॅटला टिंब मारलेला नाही हे लक्षात आलं असेल. गाईची फॅट तीन-चारच्या घरात असते, ३९ टाकल्यावर ते ३.९ शिवाय दुसरं काही असू शकत नाही. म्हशीची फॅट दहाच्या वर गेली तर तीन आकडे येतात, तेही ओळखता येतं. डिग्रीचं तसंच: दोन आकडे आले तर पूर्ण, तीन आले तर शेवटचा दशांश. पण लिटरला ही सवलत मी दिली नाही. ८६ म्हणजे ८.६ लिटर असू शकतं आणि दोन कॅन भरून आणणाऱ्या गोठेवाल्याचे ८६ लिटरही असू शकतात. तिथे टिंब मारावाच लागतो. एका सचिवांनी दोन वर्षं माझ्यामागे लकडा लावला होता की सगळीकडे टिंब काढून टाका, एकसारखं होईल. एकसारखं झालं असतं, आणि एखाद्याच्या खात्यावर न घातलेलं सत्त्याहत्तर लिटर दूध चढलं असतं.

पंधरा कळांना वेळ किती लागतो याचा हिशेब करायची रीत जुनी आहे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल या तिघांनी १९८० साली ती मांडली. साधारण टंकन येणाऱ्या माणसाला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, कीबोर्डवरून हात माउसवर न्यायला ०.४, माउसने पडद्यावरच्या जागी नेम धरायला १.१, बटण दाबून सोडायला ०.२. ह्या मापाने आमची पंधरा कळांची नोंद ४.२ सेकंदांत होते. हीच नोंद माउसने रकाने बदलत केली तर चार एंटर वाचतात, पण चार वेळा हात माउसवर जाऊन परत येतो. एका खेपेला २.१ सेकंद, चार खेपांचे ८.४. एकूण साडेअकरा सेकंदांच्या आसपास. फरक सात सेकंदांचा. दोनशे उत्पादकांची डेअरी धरली तर एका पाळीला चोवीस मिनिटं. सकाळच्या पाळीला टँकर किंवा टेम्पो ठरल्या वेळी येऊन उभा राहतो आणि थंड न झालेलं दूध थांबत नाही, त्यामुळे ही चोवीस मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न कागदावरचा नाही.

पण ह्या हिशेबाच्या पुढची एक गोष्ट मला अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटरांवरच्या एका अभ्यासातून उमगली. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड यांनी तो १९९३ साली प्रसिद्ध केला. नाइनेक्स नावाच्या टेलिफोन कंपनीला जुनी यंत्रं काढून नवी घ्यायची होती. नवी यंत्रं दिसायला वेगवान, कळाही कमी. तरी अभ्यासकांनी आधीच हिशेब मांडून सांगितलं की नव्या यंत्रावर कॉलला वेळ जास्त लागेल, आणि प्रत्यक्ष चाचणीतही तसंच निघालं. कारण असं होतं की जुन्या यंत्रावरच्या बऱ्याच कळा ऑपरेटर ग्राहक बोलत असताना दाबत असे, म्हणजे नाहीतरी थांबायच्याच वेळात. नव्या यंत्राने त्या फुकटच्या कळा वाचवल्या आणि ग्राहकाचं बोलणं संपल्यावरच्या वेळात नवी कळ घातली. एका कॉलमागे सेकंदभरसुद्धा फरक नव्हता, पण ऑपरेटर शेकड्यांनी होते, तेव्हा तो फरक वर्षाला वीस लाख डॉलरांच्या पुढे जात होता.

डेअरीत थांबायची वेळ कोणती? फॅट मशीन सॅम्पल ओढून आकडा दाखवेपर्यंतची. तेवढ्यात ऑपरेटरने दहा कळा दाबल्या तरी रांगेतल्या कुणाचा वेळ जात नाही. उलट दूध ओतलं जात असताना, काटा स्थिर होत असताना एक कळ जरी जास्त दाबावी लागली तर मागचा माणूस किटली घेऊन ताटकळतो. म्हणून पशुखाद्याची पोती, उचल, मागचा हप्ता, असल्या सगळ्या नोंदी मी मशीनच्या थांब्यात सरकवल्या. गर्दीच्या डेअऱ्यांत तर ऑपरेटरची स्वतःचीच एक रीत असते: आधी पाच-सहा जणांचं लिटर घ्यायचं, बाटल्या ओळीने लावायच्या आणि मग एकामागून एक फॅट मारायची. सॉफ्टवेअर जर म्हणालं की एकाची नोंद पुरी झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही, तर ही रीत मोडते. माझ्या पडद्यावर डावीकडे लिटर झालेल्या खात्यांची रांग उभी राहते आणि फॅटचा आकडा आला की तो रांगेतल्या पहिल्याला लागतो. बाटल्यांचा क्रम आणि पडद्यावरचा क्रम एकच. बाटली मागेपुढे झाली तर वरच्या बाणाने क्रम बदलतो.

हे झालं वेळेचं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नजर. ऑपरेटरने बघायचं काय काय असतं? किटलीत काडी-कचरा आहे का, फेस किती आहे, दूध नासकं वास मारतंय का, काटा शून्यावरून सुरू झाला का, ओतताना भांड्याबाहेर सांडलं का. आणि समोर उभा असलेला माणूस खरंच एकशे बेचाळीसच आहे का. ह्यातलं काहीही कॉम्प्युटरच्या पडद्यावर नाही. पडदा बहुतेक डेअऱ्यांत बाजूला, भिंतीकडे, पाणी उडणार नाही अशा जागी ठेवलेला असतो. तेव्हा मी धरून चालतो की ऑपरेटर पडद्याकडे बघतच नाही, आणि काम होतं ते बोटांवर आणि कानांवर.

बोटांसाठी नंबर पॅडच्या पाचावर एक बारीक उंचवटा असतो. तेवढ्या खुणेवर मधलं बोट आपली जागा शोधतं आणि बाकीचे आठ आकडे भोवती आपोआप सापडतात. कीबोर्डला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं की तो उंचवटा बुजतो. दूध सांडलं तर कीबोर्ड जाईल म्हणून सचिव कव्हर घालायला लावतात आणि ऑपरेटर ते काढून ठेवतो, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. मी ऑपरेटरच्या बाजूचा. कीबोर्ड गेला तर नवा येतो. टीव्हीएस गोल्ड नावाचा जो जाडजूड, खटखट वाजणारा कीबोर्ड आपल्याकडे बँकांपासून तहसीलपर्यंत सगळीकडे असायचा, त्याच्यावर डेअरीवाल्यांचा जीव आहे तो उगाच नाही. कळ पुरती दाबली गेली की तो खट्ट करतो, न बघता कळतं. मऊ कळांचे स्वस्त कीबोर्ड आले तेव्हा आकडा दोनदा पडायला लागला, नाहीतर पडायचाच नाही. बऱ्याच लॅपटॉपवर तर नंबर पॅडच नसतो, तिथे मी यूएसबीचा वेगळा नंबर पॅड घ्यायला लावतो. आणि नम लॉक! लाईट गेली, मशीन पुन्हा चालू झालं, नम लॉक बंद राहिला, आता आठ दाबला की कर्सर वर जातो आणि सात दाबला की रकान्याच्या सुरुवातीला. ऑपरेटर पडद्याकडे बघत नाही, तो १४२ दाबून मोकळा. सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत नम लॉक चालूच ठेवायचा, कुणी बंद केला तरी, ही माझ्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात जास्त दुवा मिळालेली ओळ आहे.

त्याच चौकोनातल्या बाकीच्या कळाही मी कामाला लावल्या. गुणाकाराचं चिन्ह म्हणजे गाय-म्हैस बदल. भागाकार म्हणजे नंबर आठवत नसेल तर नावाने शोध. वजाबाकी म्हणजे मागची नोंद परत आणा. हे शेवटचं सगळ्यात जास्त वापरलं जातं, आणि त्यामागे एक वादही आहे.

जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या मंडळाने मला एकदा तरी सांगितलंय की नोंद होण्याआधी "नोंद करायची का? हो / नाही" असं विचारा, म्हणजे चुका होणार नाहीत. ऐकायला रास्त वाटतं. पण सकाळी दोनशे वेळा हो म्हणणाऱ्या माणसाचं बोट प्रश्न वाचत नाही. प्रश्न येण्याआधीच एंटर दाबलेला असतो. दोन आठवड्यांत तो प्रश्न पंधरा कळांतली सोळावी कळ होऊन बसतो. जेफ रास्किनने 'द ह्युमेन इंटरफेस' ह्या २००० सालच्या पुस्तकात हे स्वच्छ मांडलंय: माणसाचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी असतं, सवयीच्या हालचालीवर ते नसतं, म्हणून विचारत बसण्यापेक्षा केलेलं काम मागे फिरवायची सोय द्या. रास्किन ॲपलच्या मॅकिंटॉशच्या कामाला सुरुवात करणारा माणूस, पण त्याचं म्हणणं पडताळायला मला दूर जावं लागलं नाही. चूक ऑपरेटरला कळते ती नोंद झाल्यावर सेकंदाभराने, पावती वाचताना, किंवा समोरचा म्हणतो तेव्हा: "अरे काय करू राहिला, माझी साडेआठ हायेत ना." त्या क्षणी वजाबाकी दाबली की नोंद परत समोर. जुनी नोंद पुसली जात नाही, तिच्यावर रेघ येते आणि नवी तिच्याखाली बसते, कारण हिशेबात खाडाखोड दिसली पाहिजे, लपली तर भांडणं.

तरी काही चुका अशा असतात की कुणालाच कळत नाहीत. खातं उघडताना आधार नंबर घेतात. त्यात मोठी सोय आहे. बारावा आकडा आधीच्या अकरांवरून निघतो, याकोबस वेरहूफ ह्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट पडले तर नंबर स्वतःच सांगतो की मी खोटा. फॅटच्या आकड्याला असली विद्या नाही. गाईच्या खात्यावर ९.३ पडलं तर ठीक, ते घ्यायचंच नाही. पण ३.४ च्या जागी ४.३ पडलं? दोन्ही खरे वाटतात. इथे मी त्याच खात्याच्या मागच्या काही पाळ्या बघतो. ज्याची फॅट रोज ३.३ ते ३.६ मध्ये खेळते त्याची एकदम ४.३ आली, तर एंटर चालत नाही. पडदा काही विचारतही नाही. फक्त आवाज बदलतो: नेहमीची नोंद एका बारीक टिंगने होते, ही एका जाड, लांब आवाजाने अडते. आणि पुढे जायचं तर तोच आकडा पुन्हा टाकायचा. ४, ३. आकडा पुन्हा टाकायचा म्हणजे मशीनकडे पुन्हा बघावं लागतं, ते एंटरने होत नाही.

ह्यात अवघड आहे ते किती वेळा अडवायचं हे ठरवणं. दर दहाव्या नोंदीला जाड आवाज आला तर तोही सवयीचा होतो आणि ऑपरेटर ४३ दोनदा मारायला शिकतो. पाऊस पडला, हिरवा चारा वाढला, की फॅट खरोखर हलते, आणि ती एका खात्याची नाही, सगळ्या गावाची हलते. म्हणून मी खात्याचा फरक त्या पाळीतल्या बाकीच्यांच्या फरकाशी ताडून बघतो. सगळ्यांचीच उतरली तर कुणालाच अडवायचं नाही. तात्यांच्या डेअरीत हा आवाज काही पाळ्यांमध्ये एकदाही वाजत नाही, आणि वाजला की तात्या मान वळवतात. तेवढं मला पुरे.

मराठी नावं टाकायचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे मला फारसं अभिमानाचं काही नाही, सगळ्यांनी भोगलेलंच आहे. श्रीलिपी, आयएसएम, मग युनिकोड. ज्याने टाइपरायटरवर सरकारी परीक्षा दिली त्याची बोटं रेमिंग्टनची, जो नंतर शिकला त्याची इनस्क्रिप्टची. मराठी-इंग्रजी बदलायची कळ विसरली की सभासदाच्या नावात इंग्रजी अक्षरांचा चिवडा. उपाय एवढाच केला की नावाच्या रकान्यात शिरलं की मराठी आपोआप चालू, आकड्याच्या रकान्यात शिरलं की बंद. कोणती भाषा चालू आहे हे माणसाने लक्षात ठेवायचं कारण नाही, ते रकान्याला माहीत असतं.

श्रीरामपुरातल्या कर सल्लागारांकडे गेलो की मला बरं वाटतं, कारण तिथे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. १९८६ सालापासूनची बंगळुरूची कंपनी. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, सेल्सला एफ८, परचेसला एफ९. नोंद करता करता नवं खातं हवं तर आल्ट-सी, आणि खातं उघडून परत त्याच जागी. अकाउंटंट बाई फोनवर बोलत बोलत व्हाउचर मारतात. आवृत्त्या बदलल्या, रंग बदलले, २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं, पण ह्या कळा राहिल्या. लाखो लोकांची बोटं शिकलेली असतात, ती एका रात्रीत जुनी करायचा हक्क सॉफ्टवेअरवाल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. याच्या उलट अनुभव हल्लीच्या ऑनलाइन अर्जांचा. एका अर्जात जिल्ह्याच्या यादीत कीबोर्डने शिरताच येत नव्हतं, माउसच हवा. शेवटच्या पानावर पोहोचेपर्यंत वेळ संपून पहिल्या पानावर. ज्यांनी तो केला त्यांनी स्वतः एकदा दोनशे अर्ज भरले असते तर चौथ्या अर्जालाच दुरुस्ती झाली असती.

मग मोबाइल आला. पुण्यातल्या ज्या मुलांनी माझ्यासाठी ॲपचा पडदा काढून दिला ती हुशार होती, रंग सुंदर, अक्षरं मोठी. पण आकड्यांची पाटी मोबाइलची: वर एक-दोन-तीन. कॅल्क्युलेटर आणि कीबोर्डवर वर सात-आठ-नऊ असतात. हा घोळ जुना आहे. बेल लॅबोरेटरीत आर. एल. डेनिंजर यांनी बटणांच्या टेलिफोनसाठी वेगवेगळ्या मांडण्या लोकांवर तपासल्या, १९६० साली ते प्रसिद्ध झालं, आणि टेलिफोनवर एक-दोन-तीन वर गेले. आकडेमोडीच्या यंत्रांवर सात-आठ-नऊ आधीपासून वर होते ते तसेच राहिले. घरी फोन लावताना कुणी अडखळत नाही, कारण बघून लावतो. न बघता बोटं चालवणारा अडखळतो. एकचा सात, तीनचा नऊ. मी मुलांना म्हटलं, पाटी उलटी करा. ती म्हणाली, सर, मोबाइलवर असं कुणी करत नाही, जगात कुठेच नाही. म्हटलं, डेअरीत करा. केली. तरी काचेला पाचाचा उंचवटा नाही आणि ओलं बोट काचेवर सरकतं, ह्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. छोट्या, पन्नास-साठ खात्यांच्या डेअऱ्या ॲपवर सुखी आहेत. मोठ्या अजून खटखट कीबोर्डवर आहेत आणि मी त्यांना तिथून हलवत नाही.

आता काटा आणि फॅट मशीन केबलने थेट कॉम्प्युटरला जोडतात. लिटर आपोआप येतं, फॅट आपोआप येते, टाकायचा राहतो फक्त खाते नंबर. आकडा टाकताना होणाऱ्या चुका संपल्या आणि ऑपरेटरकडे वेळ उरला. तो वेळ किटलीकडे गेला असता तर मला आवडलं असतं. काही ठिकाणी गेला, काही ठिकाणी तो मोबाइलवरच्या व्हिडिओत गेला. कळा दाबताना त्याचं लक्ष निदान त्या दुधाच्या आसपास होतं.

आणि आता मागणी आहे कार्डाची. उत्पादकाने कार्ड टेकवायचं, खाते नंबरही टाकायला नको. कार्डाची अडचण गावाला माहीत आहे: शेजारचा येताना दोघांचं दूध घेऊन येतो, खिशात दोन कार्डं, टेकवतो चुकीचं. नंबर टाकायचा असतो तेव्हा ऑपरेटर तोंडाकडे बघतो, "एकशे बेचाळीस का एकशे त्रेपन्न?" असं विचारतो, कारण त्याला दोन्ही घरं माहीत असतात. कार्ड टेकवल्यावर कोण बघतो? मी कार्ड दिलं आहे, पण टेकवलं की पडद्यावर नाव भलंमोठं येतं, स्पीकर ते नाव मोठ्याने वाचतो, आणि ऑपरेटरने एंटर दाबल्याशिवाय पुढे काही होत नाही. तो एंटर काढून टाका म्हणून दोन संस्थांच्या सचिवांचे फोन दर पेमेंटला येतात. बोललेलं नाव रांगेतले सगळे ऐकतात आणि चुकलं तर मागून कुणीतरी ओरडतं, एवढं मी त्यांना सांगतो. त्यावर एकाचं म्हणणं असं पडलं की मग ऑपरेटरला पगार कशाला द्यायचा. हा प्रश्न मंडळाच्या पुढच्या बैठकीत आहे, मलाही बोलावलंय.